पाषाणाची धारणाशक्ति

दगडाच्या पोटांत वायु कोंडलेला असूं शकतो, ही गोष्ट स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक यानें १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सप्रयोग दाखविली. चुनखडी भाजली असतां तिचें वजन घटतें. जें निघून जातें तो वायु होय. त्यास त्यानें ‘बद्ध वायु’ असें अन्वर्थक नांव दिलें. त्यासच आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों.

वायु धरून ठेवण्याची दुसरीही एक रीत आहे. १७७७ सालीं फोंताना या इटालियन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, तापवून निवविलेला कोळसा आपल्या आकारमानाच्या कित्येक पट वायु ओढून घेतो. येथें वायु पदार्थाशीं एकरूप होत नाहीं. केवळ त्याच्या पृष्ठभागास चिकटतो. या क्रियेस मराठींत अधिशोषण म्हणतात. १९१८ सालीं लँगम्यूर यानें तिचें गणित मांडलें: पृष्ठभागावरील जागा मोजक्या, एकेका जागीं एकच रेणु, आणि दाब वाढेल तसतशा त्या जागा भरत जावयाच्या.

भूगर्भांतील कोळशासही हाच नियम लागू आहे. त्याच्या सूक्ष्म रंध्रांत मिथेन वायु चिकटून असतो. कार्बन डायऑक्साइडची पकड अधिक बळकट असल्यामुळें तो मिथेनला हुसकून त्याची जागा घेतो. १९९५ पासून अमेरिकेंतील सॅन हुआन खोऱ्यांत हा प्रयोग करून पाहण्यांत आला. परंतु वायु घेतां घेतां कोळसा फुगला, व फटी अरुंद होऊन मागून येणाऱ्या वायूची वाट अडली. शिवाय दाब उतरला कीं ही पकड सैल होते.

म्हणून आइसलंडांत २०१२ सालीं निराळा मार्ग धरला गेला. पाण्यांत विरघळविलेला वायु काळ्या बेसाल्ट खडकांत सोडला. खडकांतील चुना, मॅग्नेशियम व लोह यांशीं संयोग पावून दोन वर्षांच्या आंत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दगड बनला. ब्लॅकनें अग्नीनें मोकळा केलेला वायु असा पुन्हां बद्ध झाला.

आपला सह्याद्रि बेसाल्टाचाच आहे, हें वाचून कोणासही हुरूप येईल. मात्र आइसलंडच्या या रीतीस एक टन वायूमागें सुमारें २५ टन पाणी लागतें. ज्या पठारावर उन्हाळ्यांत विहिरी आटतात, तेथें दगडाची ही शक्ति वापरण्यापूर्वीं पाण्याचा हिशेब प्रथम मांडावा लागेल.