मंगळवेढ्याच्या इतिहासांतील रिकाम्या जागा

इतिहास लिहिणें म्हणजे पुष्कळदां दोन याद्या एकमेकींशीं ताडून पाहणें होय. एकींत माणसें, दुसरींत घटना. दोहोंस जोडणारी खूण म्हणजे गांव किंवा साल. खरी अडचण येते ती जोड न सांपडल्यास. हजेरीपट आणि फीचें पुस्तक ताडतांना दोहोंकडे आढळणारींच नांवें उतरून घेतलीं, तर फी न भरलेला मुलगा नव्या यादींतून नाहींसा होतो; आणि चौकशी तर त्याचीच करावयाची असते!

मंगळवेढ्याचेंच पाहा. बाराव्या शतकांत येथें कलचुरी बिज्जलाचें ठाणें होतें. पुढें त्यानें कल्याणीच्या चालुक्यांची गादी बळकाविली. राजांचीं नांवें कोरीव लेखांतून मिळतात, म्हणून त्यांची जोड सहज लागते. परंतु परंपरेप्रमाणें १३३८ सालीं याच गांवीं भिंत कोसळून संत चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. चोखोबांची आठवण वारकऱ्यांनीं जपली; सोबतच्या मजुरांचीं नांवें कोणत्याच यादींत नाहींत. दोन्ही बाजूंस नोंद असेल तेवढेंच खरें धरावें, असा नियम केला, तर ते मजूर मेलेच नाहींत असें ठरेल.

दामाजीपंतांची गोष्ट निराळी. दुष्काळांत त्यांनीं सरकारी कोठारें रयतेस मोकळीं केलीं, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. पण दुष्काळ कोणता? १३९६ सालीं सुरू झालेला दुर्गादेवीचा कीं १४६० चा? ‘मंगळवेढें’ आणि ‘दुष्काळ’ एवढ्याच खुणांवर जुळवूं गेल्यास एका दामाजींस दोन सालें मिळतात. महीपतींचा ‘भक्तिविजय’ १७६२ चा, म्हणजे १४६० नंतर तीन शतकांनीं रचलेला. म्हणून सोयीचें एक साल भरून टाकण्यापेक्षां दोन्ही सालें लिहून पुढें प्रश्नचिन्ह ठेवणें प्रामाणिकपणाचें आहे.

हाच पेंच संगणकाच्या कोष्टकांतहि येतो. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं कोष्टकांच्या परस्परसंबंधाची पद्धति मांडली, आणि १९७९ च्या निबंधांत जोडीदार न मिळालेल्या नोंदीहि राखणाऱ्या जुळणीचा विचार केला. तेथें डाव्या यादींतील प्रत्येक ओळ टिकते. उजवीकडे कांहीं न मिळाल्यास ‘अज्ञात’ अशी खूण पडते. ही खूण म्हणजे शून्य नव्हे. फीचें पुस्तक हरवलें म्हणून मुलानें शून्य रुपये भरले असें होत नाहीं. तसेंच दोन अज्ञात गोष्टी एकच आहेत, असेंहि समजतां येत नाहीं.

आपल्या घरची वंशावळ लिहितांना हें ध्यानांत ठेवावें. पणजीचें माहेरचें नांव ठाऊक नसेल, तर तिची ओळ गाळूं नये, आणि अंदाजानें नांवहि घालूं नये. ओळ राखावी, जागा मोकळी सोडावी. मोकळ्या जागेमुळें पुढच्या पिढीस शोध कोठें करावयाचा तें कळतें. गाळलेल्या ओळीची मात्र कोणी चौकशीहि करीत नाहीं.