जकातनाक्यावरील क्ष-किरण

परदेशांतून येणाऱ्या मालाच्या तपासणींत क्ष-किरणांचा उपयोग ही अगदीं अलीकडची गोष्ट असून २००१ सालीं न्यूयॉर्कवर झालेल्या हल्ल्यानंतरच ती जन्मास आली, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. हा समज बरोबर नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही या उपयोगाचा कालानुक्रम थोडक्यांत देऊन त्यावरून निघणारा एक मुद्दा वाचकांपुढें मांडीत आहों.

रोंटजेन यांस वुर्ट्‌झबुर्ग येथें हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं प्रथम आढळले व त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीं आपला शोध जाहीर केला. त्यास दोन वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत तोंच, म्हणजे १८९७ सालीं, फ्रान्सच्या जकातखात्यानें पॅरिस येथें प्रवाशांच्या सामानावर या किरणांचा प्रयोग करून पाहिला. त्या वेळीं पालँ हे खात्याचे मुख्य अधिकारी होते.

जकातदारापुढील अडचण फार जुनी होती. प्रत्येक पेटी फोडून पाहावी तर माल नासतो, वेळ जातो आणि सचोटीचा व्यापारीहि त्रासतो. न फोडावी तर सरकारचें उत्पन्न बुडतें. पेटी न उघडतां आंतील वस्तूची छाया पडद्यावर दिसूं लागली, तेव्हां ही अडचण कायमची मिटली असें वाटणें स्वाभाविक होतें. पण ती मिटली नाहीं. छाया वस्तूचा आकार व घनता सांगते. ती वस्तु कोणाची, तिच्यावर कर भरला कीं नाहीं, हें सांगत नाहीं. शिवाय हे किरण हाताळणाऱ्याच्याच शरीरास त्यांपासून इजा होते, हेंहि लवकरच कळून आलें. एडिसनचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हे १९०४ सालीं त्यामुळेंच मरण पावले.

पुढें मालाची वाहतूकच बदलली. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ हें जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालें, आणि समुद्रावरील व्यापारांत नवें युग सुरू झालें. माल ठासून भरलेला असा कंटेनर रिता करून पाहणें सोपें नसतें. यासाठीं प्रबळ क्ष-किरणांचीं, तसेंच कोबाल्ट किंवा सीझियम यांपासून निघणाऱ्या गॅमा किरणांचीं यंत्रें प्रचारांत आलीं. आपल्या न्हावा-शेवा बंदरांतहि अशीं यंत्रें वापरलीं जातात. अमेरिकेनें २००७ सालीं कायदा करून, आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशच्या बंदरांतच अशा रीतीनें तपासला जावा असें ठरविलें व त्यास २०१२ ची मुदत घातली. ती पाळली गेली नाहीं. वारंवार वाढवावी लागली. कारण यंत्र चित्र काढतें, पण तें वाचण्यास माणूस लागतो, आणि ताडून पाहण्यास मालाची यादी लागते. म्हणून कोणता कंटेनर यंत्रापुढें धरावयाचा, हें आजहि बव्हंशीं कागदपत्रांवरून उत्पन्न झालेल्या संशयावरच ठरतें.

येथवर पेटीची गोष्ट झाली. माणसाच्या शरीराची गोष्ट वेगळी. शरीराच्या आंत माल लपवून आणणाऱ्यांसाठीं भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यांत १०३ वें कलम आहे. संशय आला म्हणून अधिकाऱ्यानें परस्पर किरण टाकावेत, अशी त्यांत मुभा नव्हती. इसमास विनाविलंब जवळच्या मॅजिस्ट्रेटापुढें उभें करावयाचें, मॅजिस्ट्रेटास वाजवी कारण दिसलें तरच हुकूम व्हावयाचा, आणि तपासणी सरकारमान्य क्ष-किरणतज्ज्ञानें करावयाची, असा क्रम होता. कारण न दिसल्यास इसमास तत्काळ सोडावें लागे. २०१९ सालीं या कलमांत दुरुस्ती होऊन, उपायुक्ताची किंवा सहायक आयुक्ताची पूर्वपरवानगी आणि त्या इसमाची संमति असल्यास नाक्यावरील यंत्रानेंच तपासण्याची मुभा मिळाली. जुना मार्गहि कायम आहे.

आमच्या मतें या दोन तरतुदींमधील अंतर हेंच या इतिहासांतील विचार करण्याजोगें स्थळ होय. यंत्र हाताशीं आलें आणि तपासणीपूर्वींची मॅजिस्ट्रेटाची पायरी ऐच्छिक झाली. आतां सर्व भार ‘संमति’ या एका शब्दावर आहे. अधिकाऱ्यांपुढें एकटा उभा असलेला प्रवासी देतो ती संमति कितपत खुषीची, हें कोणत्याहि किरणांस दाखवितां येत नाहीं. यास्तव जकातीच्या यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यानें त्यांच्या शक्तीबरोबरच त्यांस घातलेल्या मर्यादांचीहि नोंद ठेवावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.