मुंबईच्या गोल्फ-मंडळींचें पदक

काठीनें चेंडू खड्ड्यांत घालण्याचा गोल्फ नांवाचा खेळ पेण-रोह्यास परका खरा. पण आतां तो आपल्याच रायगड जिल्ह्यांत, खारघरच्या डोंगरपायथ्याशीं येऊन ठेपला आहे. मुंबईच्या हौशी मंडळींनीं मात्र आपला क्लब १८४२ सालींच स्थापिला, आणि १८४५ सालीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथील जुन्या संस्थेस एक रौप्यपदक अर्पण केलें.

त्या गांवचा समुद्रकांठचा माळ मोठा भांडखोर. १५५२ सालीं तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनीं माळावर ससे पाळण्याची परवानगी घेतली, आणि त्याच लेखांत गांवकऱ्यांचा खेळण्याचा हक्कही मान्य केला. माळ एक, हक्कदार दोन! पुढें १७९७ सालीं कर्जांत बुडालेल्या नगरपालिकेनें माळ हातचा घालविला, सशांचे व्यापारी आले, आणि खेळाडूंशीं त्यांचे खटले जुंपले. आपल्याकडील गुरचरणाचे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. अखेर १८२१ सालीं जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदारानें माळच विकत घेतला, तेव्हां कोठें सशांचें राज्य संपलें.

अशा माळावर मुंबईचें पदक गेलें. पण वसंत-स्पर्धेंत पहिल्या येणारास रुपेरी क्रूस आधींच नेमलेला. सबब मुंबईस दुसऱ्या पंगतीस बसावें लागलें. मला त्यांत कमीपणा दिसत नाहीं. ज्यांचें नांव त्या गांवास आहे, त्या संत आंद्रेयांनींच आपला भाऊ पेत्र यास प्रभूकडे आणिलें; तरी प्रेषितांच्या यादींत नांव पेत्राच्या मागेंच. पदक अद्यापि दुसऱ्या येणारासच देतात.