‘पॅटर्न’ : एका इंग्रजी शब्दाचा लातुरी अर्थ

‘पॅटर्न’ हा इंग्रजी शब्द आज मराठवाड्यात ज्या अर्थाने सर्वतोमुखी झाला आहे, तो अर्थ त्याला लातूरने मिळवून दिला असला, तरी शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये ‘पातेर’ म्हणजे बाप. त्यावरून आश्रितांचा सांभाळ करणाऱ्या धन्यासाठी ‘पात्रोनुस’ हा शब्द घडला आणि फ्रेंचमार्गे तो ‘पॅट्रन’ या रूपाने इंग्रजीत आला. ज्याचा आश्रय घ्यायचा त्याचेच वळण गिरवायचे, या भावनेतून त्याला ‘आदर्श’, ‘कित्ता’ हा अर्थही येऊन मिळाला; सोळाव्या शतकात उच्चारातील वर्णांची अदलाबदल होऊन ‘पॅटर्न’ हे रूप रूढ होऊ लागले आणि १७०० च्या सुमारास आश्रयदाता तो ‘पॅट्रन’ व नमुना तो ‘पॅटर्न’ अशी वाटणी कायम झाली. ओतकामाच्या कारखान्यात वाळूत दाबून पोकळी उठवण्याच्या लाकडी नमुन्याला कारागीर आजही पॅटर्नच म्हणतात, कारण त्या एका नमुन्यावरून हवे तितके नग निघतात.

शिक्षणात हा शब्द रुजण्यासाठी लातूरची भूमी अनुकूल मुळीच नव्हती. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राजवटीत होता, उच्च शिक्षणाची सोय दूर हैदराबादला आणि तीही उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये आणि स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जी अध्यापनपद्धती घडली, तीच ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखली जाऊ लागली. अभ्यासक्रम वेळेआधी संपवणे, मग उजळणी आणि सराव परीक्षांची मालिका, तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देऊन चूक नेमकी कुठे झाली हे दाखवणे, सुट्टीतील जादा तास आणि बाहेरच्या तज्ज्ञांची व्याख्याने, अशी तिची बांधणी होती. पुण्यामुंबईचे वर्चस्व असलेल्या बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुले झळकू लागली, तेव्हा हे नाव राज्यभर पोहोचले.

त्यानंतर पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ आला, २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ नावाचा चित्रपट निघाला आणि कोणत्याही गावाच्या नावापुढे हा शब्द सहज जोडला जाऊ लागला. लातुरातही शिकवणी वर्गांची मोठी बाजारपेठ याच नावावर उभी राहिली आहे. मात्र मूळ पद्धतीचे मोल गुणांच्या आकड्यांपेक्षा अधिक आहे. महाविद्यालयाच्या वर्गातच, शिक्षकांच्या कष्टांतून, खेड्यातून आलेल्या मुलाला मोठ्या शहरातील मुलाच्या बरोबरीने उभे करता येते, हे तिने सिद्ध केले. दुसऱ्या गावाला जे उचलता येईल आणि गरिबाच्या मुलाला जे परवडेल, तेच ‘पॅटर्न’ या नावाला पात्र ठरते.