सेलो आधी गळ्यात, मग हातात

मंडळी, नामदेवांची नरसी ज्या हिंगोली जिल्ह्यात, तिथं सेलोचं काय काम, असं कुणी विचारेल. त्यासाठी आधी गोव्यात जाऊ. सोळाव्या शतकापासून तिथल्या चर्चच्या शाळांत संगीत शिकवलं जाई. मास्तर मुलांकडून आधी स्वर वाचून, गाऊन घेत, व्हायोलिन नंतर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म 1927) याच परंपरेत घडले. 1943 साली ते मुंबईत आले, नौशाद यांच्याकडे वाजवू लागले. प्यारेलाल त्यांचेच शिष्य.

सेलोला पडदे नसतात. बोट कुठं ठेवायचं ते कान सांगतो. म्हणून लहान मुलाच्या हाती पाव मापाचा सेलो देण्याआधी स्वर गळ्यात बसला पाहिजे. आपल्याकडं वारकऱ्याचं पोरही आधी टाळ धरून अभंगात उभं राहतं, पखवाज नंतर. तेव्हा रीत आपल्याला नवी नाही. गोव्यात वाद्यं बाहेरून आली, पण रुजली ती गावोगावी चर्चनं मास्तर पोसला म्हणून. वाद्य विकत आणता येतं हो; मास्तर गावालाच सांभाळावा लागतो.