ग्रंथालयगणना : प्रकार आणि वर्ग

देशातील ग्रंथालये मोजण्यापूर्वी ‘प्रकार’ कशास म्हणावे, हे ठरविणे अगत्याचे आहे. युनेस्कोने १९७० साली राष्ट्रीय, उच्चशिक्षणसंस्थांची, इतर मोठी सर्वसाधारण, शालेय, विशेष व सार्वजनिक असे सहा प्रकार मानले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या अनुदान-नियमांनी सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. पहिली विभागणी वाचक कोण हे पाहते. दुसरी ग्रंथ व नियतकालिके किती हे. अमरावतीनजीकच्या नांदगाव पेठेसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. तेथील शाळेचा ग्रंथसंग्रह युनेस्कोच्या कोष्टकात स्वतंत्र प्रकार ठरेल. राज्याच्या यादीत तो येणार नाही, शासनमान्यता नसलेले वाचनालयही येणार नाही. अनुदान यादीमागून जाते. सबब, एकूण आकड्यापूर्वी त्यातून वगळलेला वाचक पाहावा.