पगाराच्या रात्री पिस्तूल घरी

साल १९९४. महिन्याची १५ तारीख आणि नेमका शुक्रवार. तुम्ही कोलंबियातल्या काली शहरात उभे आहात. इथे पगार पंधरवड्याला होतो, त्यामुळे आज सगळ्यांचे खिसे गरम आहेत. काउका नदीपलीकडे हुआन्चितोच्या नाचघरांकडे टॅक्सींची रांग लागली आहे, उघड्या खिडक्यांतून साल्सा ऐकू येतोय आणि टपरीवरच्या माणसाने न विचारताच तुमच्या हातात अग्वार्दिएन्ते या दारूचा इवलासा पेला दिला आहे. बडीशेपेचा वास येतो म्हणून साधी समजू नका, चढते.

पुढे नाकाबंदी. तुमच्या टॅक्सीतल्या चौघांना उतरवून हात टपावर ठेवायला लावतात. तुमच्या शेजारच्या गृहस्थांनी शर्ट बाहेर सोडलाय, आणि त्याखाली कमरेला रिव्हॉल्व्हर. ते शांतपणे परवाना काढतात, लष्कराचा शिक्का असलेला. इथे परवाने लष्करच देतं.

“आज हा कागद चालायचा नाही, साहेब. महापौरांचा हुकूम आहे.”

“मी काय चोर आहे? चोर कधी परवाना काढतो का?”

पोलिसाने हा प्रश्न आज बऱ्याचदा ऐकलेला दिसतो. रिव्हॉल्व्हर तात्पुरतं जमा, वर दंड. मागच्या गाडीतल्या पोराकडे परवानाच नव्हता. त्याचं पिस्तूल कायमचं गेलं आणि तोही गेला पोलिसांच्या गाडीत.

गृहस्थ तुमच्याकडे वळतात: तुम्हीच सांगा, हा न्याय झाला? निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि मतदानाला ड्राय डे पाळायचा, हे तुम्ही महाराष्ट्रात पाहिलेलं आहे. पण पगार झाला म्हणून? उत्तर हवं असेल तर दोन वर्षं मागे चला.

१९९२. महापालिकेतल्या एका बैठकीत बसा. नवे महापौर रॉद्रिगो गेरेरो डॉक्टर आहेत, हार्वर्डमधून साथरोगशास्त्रात डॉक्टरेट केलेले, पूर्वी इथल्या विद्यापीठाचे कुलगुरू. शहरात किती खून झाले, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पोलीस एक आकडा सांगतात, शवविच्छेदन करणारे दुसरा, सरकारी वकिलांच्या कचेरीचा तिसराच. मग दर आठवड्याला सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं आणि एकेका मृतावर एकमत करून वहीत नोंदवायचं: कुठे मेला, कोणत्या वारी, किती वाजता, कशाने, प्यायलेला होता का. तुम्हाला जांभई येईल. येऊ द्या, पण उठू नका. सगळी गंमत या रटाळ वहीतच आहे.

कारण बाहेर कोणालाही विचारलंत तर उत्तर ठरलेलं: कार्टेल. कार्टेल चालवणाऱ्या रॉड्रिगेझ ओरेहुएला बंधूंचं हे गाव, कोकेनचा पैसा इथल्या इमारतींत ओतलेला. मुडदे पडले तर तेच पाडणार. वही वेगळं बोलते. खून शनिवार-रविवारकडे, रात्रीकडे, सुटीकडे झुकलेले. बहुतेक गोळीने. मरणाऱ्यांतले बरेच जण प्यायलेले. आता कार्टेलचा मारेकरी काही पगाराची वाट बघत बसत नाही! वाट बघतो तो टेबलावरचा क्षुल्लक वाद, आणि कमरेला पिस्तूल असलं की तो वाद गुद्द्यांवर थांबत नाही.

गेरेरोंच्या ‘देसेपास’ कार्यक्रमात आग्वाब्लांकासारख्या गरीब वस्त्यांसाठी शाळा आणि घरंही होती. पण परवान्याची सूत्रं लष्कराकडे असल्याने महापौरांना बंदुका बंद करता येईनात. मिळाली ती निम्मीशिम्मी बंदी: पगारानंतरचे वीकएंड, सुट्या, निवडणुकीचे दिवस. बाकी दिवशी खुशाल मिरवा.

मला हेच आवडतं. बंदी अधूनमधून होती, म्हणून बंदीचे आणि बिनबंदीचे दिवस शेजारी ठेवून मोजता आले. २००० साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला: कालीत बंदीच्या काळात खुनाचा दर १४ टक्के कमी. बोगोताने १९९५ ते १९९७ हेच केलं, तिथे १३ टक्के. जगाला बोगोताचे महापौर आन्तानास मोकुस जास्त आठवतात, लोकांनी जमा केलेली शस्त्रं वितळवून त्यांचे चमचे करणारे. चमचे छायाचित्रात छान दिसतात. माझं मत वहीला.

हे गृहस्थांना सांगून पाहा. ते पटकन म्हणतील, मग यंदा इतके मुडदे का? बरोबर आहे त्यांचं. १९९४ मध्ये कालीतला खुनाचा दर लाखामागे १२४ होता, आणि १४ टक्क्यांनी असा डोंगर हलत नाही. पण त्यांचा चोराचा मुद्दा मात्र टिकत नाही, कारण बंदी मुळात चोरासाठी नव्हतीच. ती त्यांच्यासाठी होती, तिसऱ्या पेल्यानंतरच्या त्यांच्यासाठी.

गेरेरो २०१२ मध्ये पुन्हा महापौर झाले. २०१५ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष सांतोस यांच्या सरकारने शस्त्र घेऊन फिरण्यावर देशभर बंदी घातली, खास परवानगीवाले सोडून, आणि ती पुढे वर्षानुवर्षं वाढवली गेली. आता पगाराची तारीख बघावी लागत नाही. फक्त बिनबंदीचा शुक्रवार उरलेला नसल्याने, तुलना कशाशी करायची ते संशोधकांनी शोधायचं.